रजोनिवृत्तीनंतरचा संप्रेरक उपचार : थांबवावा की चालू ठेवावा?



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर रजोनिवृत्तीचा विषय यावा याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु या विषयावर घरात सहसा बोलले जात नाही आणि स्त्रिया एकट्याच सोसत राहतात. म्हणून तो येथे मांडणे उचित आहे.

भारतीय स्त्रीची मासिक पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षी थांबते. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन घटते. मग अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप मोडते आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाहणीत वाफांचा हा त्रास निम्म्या स्त्रियांत सात वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. घटलेले संप्रेरक बाहेरून देणे म्हणजे हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी, अर्थात एचआरटी. ती मानवलेल्या स्त्रीला पुन्हा शांत झोप लागते, कामात लक्ष लागते. आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, "पाच वर्षे झाली, आता बंद करा." कारण विचारले तर एकच शब्द : कर्करोग.

या भीतीचे मूळ जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रयोगाचा १६,६०८ स्त्रियांचा एक भाग त्या महिन्यात मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण २६ टक्क्यांनी वाढले, ही बातमी जगभर गेली आणि असंख्य स्त्रियांची औषधे बंद झाली. व्यवहारात कोणी टक्केवारी सांगितली, तर मूळ रक्कम किती, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तो येथे फारसा कोणी विचारला नाही. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ जणींना हा रोग झाला होता; म्हणजे आठ अधिक. शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्रास नुकताच सुरू झालेल्या पन्नाशीच्या स्त्रीचा हिशेब त्यावरून मांडणे योग्य नव्हते.

दिले गेलेले औषधही विशिष्ट होते. त्यातील इस्ट्रोजेन गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेले होते. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबांनी हे अवश्य जाणून घ्यावे; वनस्पतिजन्य द्रव्यापासून तयार केलेले इस्ट्राडिऑल उपलब्ध असते. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे आहे काय, हेही विचारण्यात संकोच नसावा.

गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देण्यात आले, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही; पक्षाघात मात्र काहीसा वाढला. १८ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१७ साली आढळले, की औषध घेणाऱ्या स्त्रियांत एकूण मृत्यूंचे प्रमाण वाढलेले नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधांवरील ठळक चौकटीतील बहुतेक इशारे काढण्याचे जाहीर केले.

तथापि खर्चाची बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे रोज संयुक्त संप्रेरके घेतल्यास पुढील काळात दर ५० स्त्रियांमागे सुमारे एकीला अधिक स्तनाचा कर्करोग होतो. कालावधी वाढेल तशी ही जोखीमही वाढते. ज्यांना हा कर्करोग, रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात होऊन गेला आहे, यकृताचा गंभीर विकार आहे किंवा अकारण रक्तस्राव होतो, त्यांना डॉक्टरांनी नकार दिला तर तो सयुक्तिकच असतो.

प्रश्न उरतो तो इतरांचा. उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्तितज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली स्पष्ट केले, की केवळ ६० किंवा ६५ वर्षे पूर्ण झाली म्हणून उपचार सरसकट बंद करण्याची आवश्यकता नाही. बंद केल्यावर सुमारे निम्म्या स्त्रियांत त्रास परततो, हाडांना मिळणारे संरक्षणही ओसरते. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : हा नकार माझ्या प्रकृतीमुळे की केवळ वयामुळे? मात्रा कमी करता येईल काय? गोळीऐवजी त्वचेवर लावण्याची पट्टी किंवा जेल चालेल काय? त्वचेवाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढत नसल्याचे निरीक्षणांतून दिसते. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवेच, अन्यथा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग संभवतो. त्रास केवळ योनिमार्गाच्या कोरडेपणाचा असेल, तर अल्प मात्रेचे स्थानिक मलम पुरते आणि ते रक्तात फारच थोडे उतरते.

उत्तराने समाधान न झाल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. मात्र जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. वर्षातून एकदा रक्तदाब आणि उपचाराची गरज तपासून घ्यावी, सांगितल्याप्रमाणे मॅमोग्राफी करावी. तपासणीस जाताना घरातील पुरुषांपैकी कोणी सोबत गेले, तर डॉक्टर काय म्हणाले हे दोघांच्याही ध्यानात राहते.