देवासचा वाडा विकताना

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलं आता इंदूर-पुण्यात राहतात आणि आजोबांचा वाडा विकायची वेळ येते. श्रोतेहो, विक्रीची सगळी रक्कम करपात्र नसते, खरेदी किंमत वजा जाऊन उरणारा नफाच असतो. जुन्या वाड्याचं १ एप्रिल २००१ रोजीचं बाजारमूल्य, त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत, खरेदी किंमत म्हणून धरता येतं. मूल्यांककाचा अहवाल वाडा उभा असतानाच घ्या. पाडल्यावर मूल्यांकक दगडी जोतं आणि सागवानी खांब कुठून मोजणार? नफ्यातून २ वर्षांत भारतात घर घेतलं किंवा ३ वर्षांत बांधलं, तर गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नाही, तर पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवा. साधं बचत खातं त्यासाठी चालत नाही. भावंडांचे हिस्से वेगळे, सवलतही ज्याची त्याला.