डॉलरचा हप्ता आणि ज्वारीची पायली

(सिंदी (रेल्वे) येथील नागरिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



परदेशातील आणि आपल्याकडील वैद्यकीय खर्च हा आजचा विषय आहे. तो निघाला की आपल्या घरांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'तिकडे काय, सगळे विमा पाहतो!' हे पहिले आणि 'आपल्याकडे उपचार किती स्वस्त!' हे दुसरे. दोन्ही वाक्ये अर्धसत्य आहेत. अर्धसत्याच्या भरवशावर राहिलेल्या कुटुंबाला उरलेले अर्धे सत्य रुग्णालयाच्या पायरीवर कळते आणि तेव्हा करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. म्हणून आज आपण प्रत्येक देशाला तीन साधे प्रश्न विचारू. पैसा कोण देतो? केव्हा देतो? आणि या व्यवस्थेच्या बाहेर कोण राहतो?

प्रारंभ अमेरिकेपासून करू. कारण आज विदर्भातल्या लहान गावांतूनही एखाद्या घरातला मुलगा वा मुलगी तिकडे असते. २०२३ मध्ये त्या देशाने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा १७.६ टक्के भाग आरोग्यावर खर्च केला. इतका खर्च करणारे दुसरे मोठे राष्ट्र नाही. तेथे नोकरदाराचा विमा बहुधा त्याच्या कंपनीमार्फत असतो. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले, तेव्हा कामगारांना आकर्षित करण्यासाठी कारखानदारांनी आरोग्यविम्याची सोय पुढे केली आणि ती प्रथा रूढ झाली. २०२४ मध्ये अशा विम्याचा एका कुटुंबाचा वार्षिक हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर, म्हणजे एकवीस लाख रुपयांहून अधिक होता. त्यातील सुमारे सव्वासहा हजार डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून जात होते. एवढे भरूनही आजारपणात आरंभीची ठरावीक रक्कम बहुतेकांना स्वतःच भरावी लागते. विमा त्यानंतर सुरू होतो. म्हणजे 'सगळे विमा पाहतो' या वाक्यातील 'सगळे' हा शब्द तेथेच गळून पडतो.

आता तिसरा प्रश्न. बाहेर कोण? २०२३ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख अमेरिकन नागरिक व रहिवासी विम्याविना होते. वृद्धांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' या योजना १९६५ पासून आहेत, २०१० च्या कायद्याने विम्याची कक्षा पुष्कळ वाढवली, तरी ही फट बुजलेली नाही. मुलांकडे सहा महिन्यांसाठी जाणारे आपले आईवडील तर या सर्व योजनांच्या बाहेरच असतात. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या पालकांनाही ज्या मेडिकेअरचा हप्ता भरून लाभ घ्यायचा, तिच्यासाठी वयाची ६५ वर्षे आणि सलग ५ वर्षांचे वास्तव्य लागते. जाताना काढलेल्या प्रवासी विम्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा आधीच्या व्याधींवर बहुधा कडक मर्यादा असतात. तिकिटाबरोबर कोणता तरी विमा घेतला की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या कुटुंबांनी या मर्यादा विमान सुटण्यापूर्वी वाचाव्यात.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अन्युरिन बेव्हन हे तिचे शिल्पकार आरोग्यमंत्री. तेथे मुख्यतः करातून पैसा येतो आणि रुग्णालयाच्या दारात रहिवाशाला बिल मिळत नाही. मात्र जे पैशाने मोजले जात नाही, ते काळाने मोजले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील प्रतीक्षायादीवर ७७ लाखांहून अधिक उपचार खोळंबलेले होते. शिवाय तेथे नोकरीसाठी जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीला व्हिसाबरोबरच, फेब्रुवारी २०२४ पासूनच्या दराने, वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार बहुधा भरावा लागतो. फुकट असे काहीच नाही. कोणी तरी, कधी तरी भरलेलेच असते.

जर्मनीचा मार्ग या दोहोंच्या मधला. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, तेथे कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला. मालक आणि कामगार दोघांनीही वर्गणी द्यायची आणि आजारी पडण्यापूर्वी द्यायची, हे त्याचे सूत्र. आजही त्या देशाची व्यवस्था याच पायावर उभी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. स्वतंत्र भारताने या विषयाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांविना राहू नये, हे तत्त्व १९४६ च्या भोर समितीने मांडले होते. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा आणि त्याची योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. पण हा आधार संघटित क्षेत्रातील कामगारापुरता होता. शेतकरी, शेतमजूर, छोटा दुकानदार हे त्याच्या बाहेर राहिले. सार्वजनिक विमा कंपन्यांची 'मेडिक्लेम' पॉलिसी १९८६ मध्ये आली, तीही मुख्यतः शहरी मध्यमवर्गात रुजली.

परिणाम काय झाला? २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून दिली. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अमेरिकेसारख्या महागड्या देशातही हे प्रमाण साधारण दहा-अकरा टक्के आहे. आपल्याकडे एका शस्त्रक्रियेची किंमत डॉलरमध्ये मोजली तर ती नगण्य वाटते. पण ती भरायची असते रुपयांत, एकरकमी आणि ज्या महिन्यात घरातला कमावता हात अंथरुणाला खिळला आहे त्याच महिन्यात. उपचारांची किंमत त्या घराच्या वर्षभराच्या कमाईशी ताडून पाहिली, की 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ बदलतो. कापसाचे पैसे हाती येण्यापूर्वी सावकाराकडे जावे लागले, तर बिलावर व्याजही चढते.

यावर उत्तर शोधायला आपल्याला बर्लिन वा लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. सिंदीहून वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की सेलू रोड, वरूड ओलांडून सेवाग्राम येते. तेथे कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय आहे आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. याच रुग्णालयाचे डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांतून एक योजना रुजवली. तिचा हप्ता रुपयांत नव्हे, ज्वारीत भरायचा होता.

सुगीच्या दिवसांत, घरात धान्य असताना, प्रत्येक कुटुंबाने ज्वारी द्यायची. भूमिहीन मजुराने कमी, शेती असलेल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे अधिक. गावातील किमान तीन चतुर्थांश कुटुंबे सहभागी झाली, तरच गावाला प्रवेश. त्या निधीतून गावातल्या आरोग्यसेवकाचे काम चाले. अवचित आलेल्या आजारासाठी सभासदाला रुग्णालयात विनामूल्य उपचार मिळत. बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया अशा पूर्वकल्पना असलेल्या उपचारांसाठी मात्र खर्चाचा काही भाग त्याने स्वतः द्यायचा. ज्वारीतून रुग्णालयाचा सगळा खर्च निघत नव्हता. शासनाच्या अनुदानाचा आधार होताच. पण दान घेणारा हात आणि हक्काने उपचार मागणारा सभासद यांत जे अंतर आहे, ते त्या पायलीने पार केले.

या योजनेत विम्याचे सारे शास्त्र सामावले आहे. शेतकऱ्यांत सावड असते. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. विमा म्हणजे आजारपणाची सावड. भिशीत प्रत्येकाला आपला पैसा परत मिळतो, विम्यात तो मिळत नाही. आणि तो मिळाला नाही, यातच आपले भाग्य असते. आपली पायली शेजाऱ्याच्या लेकराच्या उपचारांना लागली, हे समाधान मोठे आहे. सावडीला माणसे पुरेशी हवीत, म्हणून तीन चतुर्थांशांची अट. आजारी पडल्यावरच येऊन उभा राहणारा नको, म्हणून पूर्वकल्पना असलेल्या उपचारांत स्वतःचा वाटा. विमा कंपन्यांच्या कागदावरील 'प्रतीक्षा कालावधी' हा याच विचाराचा कायदेशीर अवतार आहे.

आज आपल्या हाती साधनेही आहेत. २३ सप्टेंबर २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता ती खुली झाली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कक्षा १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत विस्तारली. खासगी पॉलिसीत आधीच्या व्याधींसाठीचा प्रतीक्षा कालावधी २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षे झाला, तर वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला.

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवू. या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. मधुमेहाची रोजची गोळी त्यांत येत नाही. तिच्यासाठी जनऔषधी केंद्रातील स्वस्त औषधांचा मार्ग आहे. दुसरे असे की विम्याने किंमत वाटून घेता येते, ती कमी होत नाही. २०१७ मध्ये हृदयाच्या धमनीत बसवायच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत सरकारने २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा विमा असलेल्याला आणि नसलेल्याला, दोघांनाही दिलासा मिळाला. किमतीवर लक्ष ठेवले नाही, तर विमा असूनही काय होते, हे अमेरिकेने दाखवले आहेच.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. तान्हा पोळा ज्या एकदिलाने हे गाव साजरा करते, त्याच एकदिलाने प्रत्येक वस्तीत दोन तरुणांनी एक वही करावी. कोणत्या घरात आयुष्मान कार्ड नाही, कोणाच्या शिधापत्रिकेत नाव चुकले आहे, कोणत्या वृद्धाला सोबत करायला कोणी नाही, याची नोंद करावी आणि ते काम तडीस न्यावे. सेवाग्राम, सावंगी, नागपूर येथील कोणती रुग्णालये योजनेत अंगीकृत आहेत आणि तेथील आरोग्यमित्र कोठे बसतो, हे गावात चार जणांना तरी पाठ असावे. ज्यांच्याकडे खासगी पॉलिसी आहे, त्यांनी ती कपाटातून काढून खोलीभाड्याची मर्यादा आणि वगळलेले आजार घरातल्या सर्वांना वाचून दाखवावेत.

हे सारे घरात धान्य असताना करायचे काम आहे. रुग्णवाहिका दारात आल्यावर करायचे नव्हे.