लाहोरहून नागपूरला आलेले पंडित



 

आपल्या या परिषदेचा विषय भाषा आणि राजकारण असा आहे. मग डॉ. रघुवीरांना कसं टाळणार? जन्म १९०२ सालचा, रावळपिंडीतला. लंडन आणि लायडनला संशोधन करून ते लाहोरला संस्कृतचे प्राध्यापक झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीतलं विराटपर्व याच पंजाबी माणसाने संपादित केलं. फाळणीच्या आधीच त्यांनी आपला मुक्काम नागपूरला हलवला. तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल, म्हणजे आपले रायपूरचेच. त्या हिंदी-मराठी प्रांतात सरकारी परिभाषेचं काम निघालं आणि रघुवीरांनी संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय लावून शब्दांचा कारखानाच उघडला. लोकांनी टिंगल केली. थोडी रास्तही होती. कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले फारसी शब्द हाकलण्याचा हट्ट मला आजही पटत नाही. पण टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचा कोश उघडला होता, देव जाणे!

पुढे रघुवीर राजकारणातही आले. घटना समितीचे सदस्य झाले, १९५२ पासून काँग्रेसतर्फे राज्यसभेत होते. नेहरूंचं चीन-धोरण मात्र त्यांना पटेना. स्वतः १९५५ साली चीनला जाऊन ग्रंथ घेऊन आलेला हा माणूस. ऐकीव माहितीवर बोलत नव्हता. काँग्रेस सोडली, डिसेंबर १९६२ मध्ये जनसंघाचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी १४ मे रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात गेले. तेव्हा फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत ते प्रचार करत होते तो समाजवादी लोहियांचा! आजच्या पक्षनिष्ठांनी याचा जरूर विचार करावा.

माझं मत विचाराल तर शुक्लांसारखा सत्ताधारी पाठीशी होता म्हणून रघुवीरांचे ते शब्द सरकारी कागदावर उतरले. पुढे कोणते टिकले, ते मात्र कारकून, मास्तर आणि वकिलांनी ठरवलं.

ते कसं ठरलं हे त्यांच्या कागदांतच दिसेल, म्हणून एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्या काळात सरकारी नोकरीत होते. त्यांचे हुकूम, अर्ज, शाळेची जुनी पुस्तकं माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. जेवणाच्या सुट्टीत स्वागत समितीच्या टेबलावर नाव नोंदवा. आमचे कार्यकर्ते घरी येऊन घेऊन जातील.