तेलाचें माप आणि यंत्रांतील काजळी

पावसाळा तोंडाशीं आला म्हणजे शहरांतील रस्त्यांवर एक परिचित आवाज घुमूं लागतो. घरांवर आणि विजेच्या तारांवर झुकलेल्या फांद्या तोडणारी मंडळी साखळी-करवत, म्हणजेच चेनसॉ, घेऊन येतात व त्या यंत्रांतून निळसर धूर निघूं लागतो. घरांतील माणसें कान झांकतात, खिडक्या लावून घेतात. परंतु त्या धुरांत त्या यंत्राची सारी प्रकृति प्रकट होत असते. सुरू होतांना धूर क्षणभर निळा दिसणें स्वाभाविक आहे. यंत्र चांगलें तापल्यावरही तो दाटच राहिला, तर कोठें तरी माप चुकलें आहे असें समजावें.

हें माप कसलें? मोटारीच्या इंजिनांत वंगणाच्या तेलाचा निराळा सांठा असतो व तेंच तेल पुनःपुन्हां फिरत राहतें. करवतीच्या टू-स्ट्रोक इंजिनांत ती सोय नाहीं. इंग्लंडांतील बाथ शहरच्या जोसेफ डे यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी रचना सिद्ध केली, तिच्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण प्रथम दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, खालच्या कोठडींत शिरतें आणि तेथून वर सिलिंडरांत चढतें. म्हणून वंगण द्यावयाचें तें पेट्रोलांतच मिसळून द्यावें लागतें. या रचनेमुळें यंत्र हलकें होतें आणि योग्य कार्बोरेटरची जोड मिळाल्यास आडवें-तिडवें कसेंही धरलें तरी चालतें. झाडावर चढणाऱ्यास याहून मोठी सोय ती कोणती? जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी करवत काढली, तेव्हां तिचें वजन सुमारें ४६ किलो होतें व ती चालविण्यास दोन माणसें लागत. आजची करवत एकटा माणूस सहज उचलतो.

वंगणाचें हें तेल आपलें काम करून पेट्रोलाबरोबरच जळतें. परंतु तें पूर्ण जळत नाहीं, हीच सारी गोम आहे. पूर्वीं २० किंवा २५ भाग पेट्रोलास १ भाग तेल घालीत. आज अनेक कारखानदार आपल्या पुस्तिकेंत ५०:१ हें प्रमाण सांगतात. म्हणजे १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर आणि ५ लिटरांस १०० मिलिलिटर. २५:१ या प्रमाणांत तेंच लिटरमागें ४० मिलिलिटर होतें. तेल निम्म्यावर आलें तें कंजूषपणामुळें नव्हे, तर नवें तेल भिंतींवर अधिक चिवट पापुद्रा धरतें व अधिक स्वच्छ जळतें म्हणून. डब्यावर ‘जासो एफडी’ ही जपानी मानकाची खूण असली, तर तें तेल या गुणांत वरच्या प्रतीचें समजावें.

परंतु माणसाचें मन नेमकें येथेंच फसतें. करवतवाला पेट्रोलच्या बाटलींत टू-टी तेल अजमासानें ओततो आणि वर आणखी एक धार सोडतो. चार थेंब जास्त झाले तर यंत्राला बरेंच, ही त्याची समजूत. ती अगदींच निराधार नाहीं. तेल घालावयाचें राहून गेलें, तर थोड्याच मिनिटांत दट्ट्या सिलिंडरांत जाम होऊं शकतो. ही शिक्षा रोखीची असते, म्हणून तिचें भय मनांत बसतें. जादा तेलाची शिक्षा मात्र उधारीवर असते. म्हणून तिचें भय कोणीच बाळगीत नाहीं.

ती शिक्षा म्हणजे काजळी. अर्धवट जळलेलें तेल दट्ट्याच्या माथ्यावर, रिंगांच्या खांचांत, धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर आणि सायलेन्सरमधील ठिणग्या अडविणाऱ्या जाळींत थराथरानें बसतें. वाट अरुंद झाली कीं यंत्राचा श्वास कोंडतो व लांकडांत पातें शिरतांच जोर ओसरतो. रिंग खांचेंत चिकटली कीं दाब गळतो. एखादा कठीण कपचा सुटून दट्ट्या व भिंत यांमध्यें सांपडला, तर भिंतीवर उमटलेला ओरखडा कायमचा. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी, कीं कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांतून ठराविकच द्रव जातो. त्यांत तेल वाढलें म्हणजे पेट्रोल घटतें, हवेचें प्रमाण चढतें आणि यंत्र किंचित् अधिक तापतें. ‘अति तेथें माती’ या म्हणीस याहून चांगला दाखला मिळणें कठीण!

तथापि सारा दोष तेलाच्याच माथीं मारणें अन्यायाचें होईल. भुशानें बुजलेली हवेची गाळणी आणि उगाच मंद चालू ठेवलेलें यंत्र हींही काजळीचीं कारणें होत. शिवाय हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल ओढतें. पाणी फार वाढलें कीं दोन्ही मिळून तळाशीं बसतात व तेल वरच्या पेट्रोलांत राहतें. तळांतून ओढणाऱ्या नळीला मग वंगणहीन द्रव मिळतो. यास्तव मिश्रण एका महिन्यास पुरेल एवढेंच करावें, डबा घट्ट झांकावा आणि ओतण्यापूर्वीं हलवून घ्यावा.

तपासाची रीतही सोपी आहे. प्लग काढून पाहावा. टोंक फिकट तपकिरी असल्यास प्रकृति ठीक. काळें व ओलसर असल्यास तेल किंवा पेट्रोल जादा. पांढुरकें असल्यास यंत्र फाजील तापत आहे. सायलेन्सर उतरवून धुराची वाट पाहावी, दट्ट्या वर आणून ती झांकावी, आणि काजळी लांकडाच्या काडीनें खरडावी, लोखंडानें नव्हे.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पडलेल्या झाडांनीं रस्ते अडले. अशा प्रसंगीं पलीकडे अडकलेल्या माणसांचें सारें लक्ष एका करवतीकडे लागलेलें असतें. ती चालेल कीं नाहीं, हें मात्र त्या दिवशीं ठरत नाहीं. तें कित्येक महिने आधींच, तेल मोजावयाच्या लहानशा पेल्यापाशीं, ठरून गेलेलें असतें.