धारूरचा किल्ला आणि तिसवाडी बेट

आपल्या बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास बांधला, आणि अल्पावधीतच मुर्तजा निजामशहाच्या फौजेने त्यास ठार करून तो हस्तगत केला. तथापि ज्या दोन दरबारांत एवढे हाडवैर, तेच १५७० मध्ये फिरंग्यांविरुद्ध, म्हणजे पोर्तुगीजांविरुद्ध, एक झाले.

या एकीचे मूळ मांडवी व जुवारी नद्यांनी वेढलेल्या तिसवाडी बेटात होते. अरबी घोड्यांच्या व्यापाराचे आणि भरघोस जकातीचे त्या बेटावरील गोवे बंदर पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० च्या प्रारंभी आदिलशाहीकडून घेतले, मे महिन्यात आदिलशाही फौजेपुढे सोडले आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकले.

साठ वर्षांनी अली आदिलशहा जातीने गोव्यावर चालून आला, निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलास वेढा घातला आणि कालिकतचा हिंदू राजा सामुरी हाही या मसलतीत सामील झाला. परंतु पोर्तुगीज व्हाइसरॉय लुईश द अताईद याने नदीचे उतार रोखून धरले, समुद्रमार्गे रसद चालू राहिली, आणि १५७१ मध्ये दोन्ही सुलतानांस तह करावा लागला. पायदळ-घोडदळ कितीही प्रबळ असले, तरी आरमारावाचून बेट जिंकणे दुर्घट, हाच या मोहिमेचा निष्कर्ष होय.