स्वस्त फ्लॅश घेताना: आधी मान वळते का ते बघा

 

आजचा विषय एका प्रश्नातून आला आहे. बडोद्याच्या एका मुलीनं विचारलंय, "सर, माझ्याकडे निकॉनचा साधा डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ लेन्स आहे. बारसं, मुंज, हळदीकुंकू अशा घरगुती कार्यांचे फोटो काढून द्यायचं काम सुरू करायचंय. हातात सात हजार रुपये आहेत. फ्लॅश कोणता घेऊ?"

तिची शिल्लक एवढीच आहे. चुकीच्या वस्तूत ती गेली तर काम सुरू होण्याआधीच थांबेल. म्हणून नुसतं एक नाव सांगून मी मोकळा होणार नाही. फौजेत सामान मागवायला गेलं की पहिला प्रश्न असतो, काम काय आहे? काम नक्की झालं की सामानाची यादी आपोआप छोटी होते.

तर काम बघू. मध्यमवर्गीय घरातला हॉल, वर एक ट्यूबलाइट, पंधरा-वीस माणसं आणि मध्ये पाळणा. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश उघडला की काय होतं? आत्याबाईंचा चेहरा पांढराफटक, कपाळ चकाकतंय, मागच्या भिंतीवर काळी सावली आणि मागे बसलेली माणसं अंधारात. याचं कारण पुष्कळांना उजेड कमी पडला असं वाटतं. खरी अडचण दिशेची आहे. छोटासा दिवा लेन्सच्या जवळून थेट तोंडावर मारला जातो. तोच उजेड छतावर मारला, तर अख्खं छत दिवा होतं आणि वरून मऊ प्रकाश पसरतो. त्याला बाउन्स म्हणतात.

म्हणून पहिली अट: फ्लॅशची मान वर उचलली गेली पाहिजे आणि डावी-उजवीकडेही वळली पाहिजे. काही स्वस्त फ्लॅश फक्त वर होतात. कॅमेरा उभा धरला की त्यांचं तोंड छताऐवजी बाजूच्या भिंतीकडे जातं. उभे फोटो तर तुम्ही निम्मे काढणार. मान दोन्हीकडे वळत नसेल तर तो फ्लॅश कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

छताचा रंगही बघायचा. हिरव्या भिंतीवरून उजेड आला तर बाळही हिरवट दिसतं. जुन्या वाड्यातलं लाकडी छत बराच उजेड गिळतं आणि उरलेल्याला तांबूस छटा देतं. अशा वेळी कोणाला तरी थर्माकोलची पांढरी शीट धरून उभं करा आणि फ्लॅश तिच्यावर मारा.

दुसरी गोष्ट ताकद. खोक्यावर गाईड नंबर लिहिलेला असतो, समजा ६०. या आकड्याला एफ नंबरनं भागलं की थेट उजेड किती मीटरपर्यंत पोचेल ते कळतं, आयएसओ १०० धरून. पण हा ६० बहुतेक वेळा फ्लॅशचा झूम २०० मिलिमीटरवर ठेवून काढलेला असतो, म्हणजे झोत अगदी अरुंद करून. झूम ३५ मिलिमीटरवर आणला की आकडा बराच उतरतो. दोन फ्लॅशची तुलना करायची तर दोघांचा ३५ मिलिमीटरचा आकडा विचारा.

तुम्हाला लागतो किती? छतावरून समोरच्या चेहऱ्यापर्यंत उजेडाचा प्रवास साधारण साडेतीन मीटर धरा. एफ ५.६ ने गुणलं की सुमारे २० आले. आयएसओ ४०० ठेवला की गरज निम्मी होते, म्हणजे १०. छत बराच उजेड खातं, त्यासाठी दुप्पट धरा, पुन्हा २०. ३५ मिलिमीटरला ३० ते ३६ गाईड नंबर असलेला फ्लॅश हे काम निम्म्याहून कमी ताकदीत करतो. जास्त ताकदीसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. पण अगदी छोटा फ्लॅशही नको, कारण तो प्रत्येक फोटोला पूर्ण ताकद लावेल आणि भरायला इतका वेळ घेईल की तेवढ्यात बाळाचं नाव ठेवून होईल.

तिसरी गोष्ट टीटीएल. यात कॅमेरा स्वतः उजेड मोजून फ्लॅशला हुकूम देतो. धावपळीत सोय आहे, पण त्याचे पैसे पडतात. बजेट तोकडं असेल तर मॅन्युअल फ्लॅशवर काम भागतं. कॅमेरा एम वर, आयएसओ ४००, एफ ५.६, शटर १/१२५, फ्लॅश १/४ वर, तोंड छताकडे. एक फोटो काढा. काळा आला तर १/२, पांढरा आला तर १/८. त्या खोलीत बराच वेळ पुन्हा हात लावावा लागत नाही. शटर मात्र १/२०० च्या पुढे नेऊ नका. साध्या कॅमेऱ्यांत त्यापुढे फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली, कॅननवाल्यांसाठी. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये मधला मोठा संपर्कबिंदू नाही. एकाच बिंदूवर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश त्यावर बसतात, पण उडत नाहीत. कॅननसाठी बनवलेलाच फ्लॅश घ्या, आणि तोही स्वतःच्या कॅमेऱ्यावर उडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सोनीवाल्यांनीही आपल्या शूसाठीचंच मॉडेल मागावं.

दुसरी, काकांच्या कपाटातला जुना फ्लॅश. फुकट मिळतो म्हणून सरळ डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. फिल्मच्या काळातल्या काही फ्लॅशच्या पायात २०० व्होल्टच्या वर दाब असतो. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना तो चालायचा, आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट त्यानं जळू शकतं. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, मोठ्या रेंजला ठेवा. फ्लॅश चालू करून तयार असल्याचा दिवा लागू द्या, मग पायाचा मधला बिंदू आणि कडेची धातूची पट्टी यांतला दाब मोजा. सहा व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. जास्त असेल तर कॅमेऱ्याची पुस्तिका काय म्हणते ते बघा, नाहीतर फ्लॅश आठवण म्हणून ठेवा. आणि बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते टिकून राहतात.

सात हजारांतून सेलचे पैसे आधी बाजूला काढा. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेलचे दोन संच, म्हणजे आठ सेल, आणि चांगला चार्जर. साध्या अल्कलाइन सेलपेक्षा यांनी फ्लॅश लवकर भरतो. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. काम झालं की सेल बाहेर काढा. आत विसरलेला सेल पाझरला तर संपर्कपट्ट्या खातो.

उरलेल्या पैशांत काय? निकॉनवर माझं उत्तर गोडॉक्स टीटी ६०० किंवा त्याच जातीचा मॅन्युअल फ्लॅश. मान दोन्हीकडे वळते, ताकद पुरेशी आहे आणि आत रेडिओ रिसीव्हर आहे. पुढे कमाई झाली की एक ट्रिगर घेऊन तोच फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवता येतो. टीटीएल हवंच असेल तर निकॉन एसबी-६०० वापरलेला शोधा. वापरलेला घेताना तो हातात घेऊन, चालवून बघा. पूर्ण ताकदीवर पाच-सहा वेळा उडवा, दर वेळी किती सेकंदांत भरतो ते मोजा. सेलचं झाकण, पायाचं लॉक आणि मानेची प्रत्येक खाच तपासा. नवा घेतलात तर बिल आणि वॉरंटी मागून घ्या. किमती रोज बदलतात, म्हणून त्या दिवशी दोन ठिकाणी विचारा.

दुकानात जाण्याआधी एक प्रयोग फुकटात करा. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश उघडा, त्याच्यासमोर एखादं पांढरं व्हिजिटिंग कार्ड तिरकं धरा, म्हणजे उजेड छताकडे जाईल. आयएसओ १६०० ठेवून घरातल्याच कोणाचा तरी फोटो काढा, आणि मग कार्ड काढून दुसरा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. काय विकत घ्यायचंय ते मग दुकानदाराला तुम्हीच सांगाल.

प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.