एरंडेल ते लाभांश

आमच्या खर्ड्यात कुठल्याही गॅरेजच्या फळीवर वंगणतेलाचे डबे दिसतात. त्यातलं ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव कॅस्टर म्हणजे एरंडेलावरून पडलं. 1909 साली लंडनच्या वेकफिल्ड कंपनीनं तेलात एरंडेल मिसळलं होतं. भारतातली कंपनी 1990 पर्यंत ‘इंड्रॉल’ होती. तिचे शेअर बाजारात आहेत आणि लाभांशात तिचा हात सढळ. म्हणून निवृत्त शिक्षक विचारतात, “फंडाचे पैसे यात घालू का?” व्याज टाळणाऱ्या माझ्यासारख्यालाही नफ्यातला वाटा बरा वाटतो.

पण लाभांश ही ठेवीवरच्या व्याजासारखी ठरलेली रक्कम नव्हे. नफा झाला तर तो. या धंद्यात बेस ऑइल बरंचसं परदेशातून येतं. कच्चं तेल महागलं, रुपया घसरला, की नफा आटतो. शिवाय मिस्त्री सांगेल, पूर्वी लवकर बदलावं लागणारं तेल आता जास्त किलोमीटर चालतं. बॅटरीवरच्या स्कूटरला तर इंजिनच नाही, मग इंजिन ऑइल कसलं? ट्रॅक्टर आणि उसाचे ट्रक अजून डिझेलवर आहेत, तेव्हा धंदा उद्याच बसत नाही. तरी वीस वर्षं पुरवायची पुंजी मी सगळी इथे घालणार नाही.

डिसेंबर 2025 मध्ये बीपीनं कॅस्ट्रॉलमधला 65 टक्के हिस्सा स्टोनपीकला विकण्याचा करार जाहीर केला. नवा मालक नफा वाटेल की राखेल? वार्षिक अहवाल आला, की लाभांशाचा आकडा नफ्याच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा.